कण्हायला कुठलीही भाषा चालेल

आमच्या आण्णांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक, सरकारी कागदावर इंग्रजी. दोन, खिडकीवर हिंदी. पहिला राग साहेबांना सोसावा लागे आणि दुसरा मला.

कोल्हापुरात हायवेच्या अंगाला एक छोटा सरकारी दवाखाना होता. आता तो नाही, त्या जागी दुकानगाळे आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले आणि केसपेपरच्या खिडकीत आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर पुढची तेरा-चौदा वर्षं काढली. आण्णा हेडक्लार्क. हेडक्लार्कने आतल्या खोलीत पंख्याखाली बसून सह्या करायच्या असतात. आण्णांनी ती खोली वॉर्डातल्या जादा गाद्यांना देऊन टाकली आणि स्वतः खिडकी धरली, ती रिटायर होईपर्यंत सोडली नाही. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर काळी टोपी आणि हातात एक लाकडी फूटपट्टी. फूटपट्टीने त्यांनी कधी रेघ मारलेली मी पाहिली नाही. ती खिडकीच्या गजांवर वाजवायला होती. रांग मोडली की टकटक, कोणी खोटं वय सांगितलं की टकटक, मी चुकले की माझ्या टेबलावर टकटक.

पहिल्याच दिवशी ती वाजली. खिडकीवर निपाणीच्या पलीकडून आलेली एक बाई होती. मराठी तिला कळेना. आता समोरच्याला मराठी येत नाही असं दिसलं की आपण कोल्हापूरकर ताबडतोब हिंदीत शिरतो, मग समोरचा कानडी असो, तेलुगू असो नाहीतर जपानी असो. मीही शिरले. "क्या होता है तुमको? किधर दुखता है?" बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तेच वाक्य दुप्पट आवाजात म्हटलं, कारण हिंदी कळत नसेल तर ओरडल्यावर कळते असाही आपला एक समज आहे.

टकटक.

"पोरी, तुझ्या आईची भाषा हिंदी काय?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"हिच्या आईची?"

"नसेल."

"मग दोघी जाऊन तिसऱ्याच्याच घरात कशाला बसलाईसा? यक तर तिला आपल्या घरात बोलीव, न्हाय तर आपण तिच्या घरात जा की."

आणि ते खिडकीकडे वाकले. "यल्लि नोवु, अव्वा?" कुठं दुखतंय, आई? एवढंच. पण त्या बाईचा चेहरा असा मोकळा झाला की मला माझीच लाज वाटली. तिने पोट, पाठ, सून आणि दोन एस्ट्या बदलून यायला लागलेला त्रास, सगळं एका दमात सांगितलं. आण्णांनी त्यातलं पोट आणि पाठ तेवढं कागदावर घेतलं, तेही शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात.

संध्याकाळी मी घरी जाऊन आईला म्हणाले, माझ्या शेजारी एक विचित्र म्हातारा बसवलाय. म्हातारा तेव्हा पन्नाशीचाही नव्हता.

त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते दिवसातून तीनदा तरी ऐकावं लागे: "कागद सरकारचा, तोंड माणसाचं." कागदावर मराठीशिवाय दुसरं काही चालणार नाही, आणि तोंडाला कुणी काही सांगायचं नाही. वरून इंग्रजीत परिपत्रक आलं की आण्णा त्यावर लाल शाईने 'कृपया राजभाषेत पाठवावे' असा शेरा मारून ते परत पाठवत. साहेब, म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक, डोक्याला हात लावून बसत. एकदा औषध कंपनीचा टायवाला माणूस इंग्रजीत सही करून निघाला, तर आण्णांनी त्याला जिन्यावरून परत बोलावलं. "सही मराठीत करा." तो म्हणाला, मराठीत कधी केली नाही. आण्णा म्हणाले, "मग आज करा. नाव तर आईनं मराठीतच ठेवलंय न्हवं?" त्या माणसाने सही केली आणि स्वतःच्याच अक्षराकडे जरा वेळ बघत राहिला.

मी चिडवायची. "आण्णा, तुम्ही लिहिताना रुग्णपत्रिका लिहिता आणि बोलताना केसपेपर म्हणता. हे कसं?"

"तोंड माझं हाय. कागद माझा हाय काय?"



मी आले तेव्हा मराठी नसलेली माणसं म्हणजे बहुतेक सीमेपलीकडची कानडी. मग गुजरीत, आमच्या सराफ पेठेत, सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर वाढले. दोन हजार साल उलटल्यावर फौंड्र्यांत बिहारची, ओडिशाची पोरं येऊ लागली, भाजलेले हात आणि डोळ्यात गेलेले कण घेऊन. दवाखान्यातल्या बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आण्णांना मात्र नवा पाहुणा आला की हुरूप येई. त्यांनी एक जकात बसवली होती. नव्या भाषेचा पहिला माणूस खिडकीवर आला की त्याने तीन वाक्यं द्यायची: कुठं दुखतंय, कधीपासून, आणि भिऊ नका. ती आण्णा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत लिहून घेत आणि खिडकीच्या काचेला आमच्या बाजूने चिकटवत. "जकात भरल्याबिगर माल आत न्हाय," असं ते त्या बिचाऱ्या कण्हणाऱ्या माणसाला मराठीत सांगत आणि तो काही न कळता मान हलवी.

सकाळी चहा यायच्या आधी माझी तोंडी परीक्षा होई. "बंगाली, कुठं दुखतंय?" "कोथाय ब्यथा." "उडिया?" "केउंठि कष्ट." चुकलं तर चहा मागे. मी एकदा विचारलं, "आणि बिहारी आला तर? तो तर हिंदीच बोलतो." मला वाटलं, आता सापडले. आण्णांनी दुसऱ्या दिवशी फौंड्रीतल्या एका पोराकडून त्याच्या गावची बोली लिहून घेतली. पुढं कुणीही बिहारी आला की आण्णा गजातून ओरडत, "कहाँ दुखाता?" ही हिंदी नव्हे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. तो पोरगाही तेच म्हणत होता, त्यामुळे माझी हार झाली.

हे सगळं ते प्रेमाने बोलत असतील असा कुणाचा समज होऊ नये. आण्णांचा आवाज फुटक्या घंटेसारखा होता. 'भिऊ नका' हे ते चार भाषांत असं म्हणत की ऐकणारा दचके.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला. घर लिंगायत. नवरा-बायको भांडत कानडीत आणि समेट मराठीत करत. आण्णा हात धुवायला मागे गेले तेव्हा मी वहिनींना सहज विचारलं, आण्णांच्या डाव्या हाताची करंगळी अशी वाकडी कशानं? वहिनी हसल्या. "लाठी बसली की. आमचं गाव तिकडं गेलं न्हवं, कर्नाटकात. तवा ह्यांचं वय विशीचं. मराठी पायजे म्हणून मोर्चा काढलता. कचेरीवरच्या कानडी बोर्डाला काळं फासायला शिडीवर चढलते त्ये हेच." मी गार. आण्णा परत आल्यावर वहिनींनी विषय बदलला आणि मला तुपाची वाटी पुढे केली. त्या दिवसापासून त्यांची लाल शाई मला जरा वेगळी दिसायला लागली.

आणि दवाखान्यात कानडी बोर्ड लावला तोही ह्याच माणसाने. खिडकीवर पूर्वी नुसतं 'केसपेपर' असं होतं. आण्णांनी पेंटरकडून मोठा फळा रंगवून घेतला. वर मराठीत, 'केसपेपर येथे मिळेल. नाव, गाव, वय व दुखणे सांगावे.' खाली तेच कानडीत. पुढं गुजरीतल्या एका कारागिराने त्याखाली बंगालीत लिहिलं आणि फौंड्रीतल्या एका पोराने डिस्चार्ज मिळाल्यावर उडियात.

साहेबांनी विचारलं, "आण्णा, ह्या शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?"

"वरचंच."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय. पर लिवणाऱ्यानं आठ दिस आपल्या खाटंवर काढल्यात. त्यो खोटं लिवंल व्हय?"

वर्षभराने ओडिशाकडून बदलून आलेले एक बँकेचे अधिकारी तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन रांगेत उभे राहिले आणि बोर्ड वाचून इतके हसले की पोरगंही रडायचं थांबलं. त्यांनी आपल्या नवशिक्या मराठीत अर्थ सांगितला. त्या ओळीत केसपेपरचं होतंच, पण पुढं आणखी एक वाक्य होतं: खिडकीतला म्हातारा फार ओरडतो, पण माणूस चांगला आहे.

"मी वरडतो?" आण्णा ओरडले. सगळी रांग हसली. ती ओळ खोडायची का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पेशंटला खरं ते कळाय पायजे." दिवसभर ते मधूनमधून वर बोर्डाकडे बघून टोपी सारखी करत होते.

हे असंच चाललं असतं. पण आण्णांच्या नोकरीचे आठ महिने उरले होते त्या वर्षी सीमेवर पुन्हा तापलं. तिकडे मराठी पाट्या उतरल्या, इकडे कानडी एस्ट्यांना काळं फासलं. अशात कुणीतरी वर अर्ज केला: महाराष्ट्राच्या सरकारी दवाखान्यात कानडी फलक, राजभाषेचा अपमान. साहेबांवर वरून दाब आला आणि साहेबांचं पत्र आण्णांच्या टेबलावर. फलक शनिवारपर्यंत उतरवावा व लेखी खुलासा द्यावा, अन्यथा आपणांस खिडकीवरून हलवून अभिलेख कक्षात बसवण्यात येईल. अभिलेख कक्ष म्हणजे मागच्या अंगणातली जुन्या कागदांची पत्र्याची खोली. तिथं माणूस फिरकत नसे.

आण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "मराठी चांगली हाय," म्हणाले. "यक बी चूक न्हाय."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण इतकी वर्षं परत आलेल्या परिपत्रकांचा हिशेब त्यांच्याही मनात असणारच. त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "तुम्हीच म्हणता ना आण्णा, कागद सरकारचा आणि तोंड माणसाचं? मग बोर्ड म्हणजे काय? कागद की तोंड?"

आण्णांनी फूटपट्टी खाली ठेवली. दोन दिवस फूटपट्टी वाजली नाही. रांग मोडली तरी वाजली नाही. माझी सकाळची परीक्षाही झाली नाही आणि चहा बिनशर्त मिळाला. तो चहा मला कडू लागला. मला भीती एकाच गोष्टीची वाटत होती. बोर्ड गेला तर गेला, पण आण्णांना पत्र्याच्या खोलीत बसवलं तर आठ महिने ते काढणार कसे? या माणसाला दुखणाईत माणसांची रांग समोर लागे.

गुरुवारी त्यांनी खुलासा लिहिला. चार कागद फाडले, पाचवा मला वाचायला दिला. मला तो अजून पाठ आहे.

'महोदय, फलक हा कागद की तोंड, याचा निर्णय मला करता आलेला नाही. माझे गाव सीमेपलीकडे आहे. तेथे आम्हांस मराठीत अर्ज मिळावा अशी आमची मागणी होती. तेव्हा आमचे म्हणणे इतकेच होते, की माणसाला त्याच्या गरजेचे ते त्याच्या भाषेत कळावे. ते म्हणणे तेथे खरे असेल, तर नाक्याच्या अलीकडे ते खोटे कसे होते, हे मला समजत नाही. कोणी समजावून दिल्यास फलक मी स्वतः उतरवीन. आपला विश्वासू.'

वाचून मला रडू आलं. आण्णा म्हणाले, "रडाय काय झालं? शुद्धलेखन बघ."

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला पाच-सहा जण आले. पुढं एक पंचविशीचा गडी, तालमीत घडलेलं अंग, पिळदार मिशी. एका हातात काळ्या पेंटचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. रांग बाजूला झाली.

"ह्यो कानडी बोर्ड कुणी लावला?"

"मी," आण्णा म्हणाले.

"पगार महाराष्ट्राचा खाता आन् गुणगान त्यांचं? लाज वाटती का न्हाय? मराठीचं वैरी तुमच्यासारखीच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून म्हणाले, "अरे, कुणाला बोलतोयस तू? ह्यांनी..."

फूटपट्टी माझ्या हातावर आली. "गप बस पोरी. त्ये सांगायचं नसतं."

मग आण्णा त्या गड्याकडे वळले. "पावणं, फासा की काळं. म्या काय हात धरत न्हाय. तेवढं ह्या आज्जीचं यक काम करा. तिचा लंबर हाय. तिला इचारा काय हुतंय त्ये. तिनं सांगितलं की चढा वर."

खिडकीला धरून एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, बरोबर कुणी नाही. गड्याने तिला विचारलं, "आज्जी, काय हुतंय?" म्हातारीने त्याच्या हातातल्या डब्याकडे बघून दोन्ही हात जोडले. तो जरा वरमला. "काय दुखतंय का?" तिने पुन्हा हात जोडले. मग तो आपल्या सगळ्यांसारखाच हिंदीत शिरला. "तुमको किधर..."

टकटक. दोन दिवसांनी ती फूटपट्टी गजांवर वाजली.

"हिंदी न्हाय. मराठीसाठी आलाईसा न्हवं?"

गड्याने मागे वळून बघितलं. मागच्या पोरांतही कुणाला कानडी येत नव्हती. म्हातारीच्या वरच्या ओठावर घाम आलेला मला तेव्हा दिसला. आण्णांनाही दिसला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "यल्लि नोवु, अव्वा?"

म्हातारी बोलायला लागली. तुटक, धाप लागल्यासारखं. आण्णा ऐकता ऐकताच उभे राहिले.

"छातीत कळ हाय म्हंती. डावा हात जड झालाय. पहाटंपास्नं." आणि मग त्यांचा खरा आवाज आला. "बगतोस काय! डबा ठेव आन् उचल तिला! स्ट्रेचर वर अडकलंय, चालवू नगंस!"

त्या गड्याने डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हातारीला लहान पोर उचलावं तसं उचललं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. मागून आण्णा, टोपी हातात, चढता चढता तिला "अंजबेड, अव्वा, अंजबेड" म्हणत. भिऊ नको, आई. खाली राहिलेली पोरं एक-एक करून पांगली.

म्हातारी वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर रांगेत उभी राहिली असती तर काही सांगता आलं नसतं. तिचा मुलगा संकेश्वरकडून यायला तीन वाजले. तोवर तो गडी वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलला नाही. नर्सने काही विचारलं की खाली खिडकीशी धावत येई आणि आण्णांकडून कानडी वाक्य घेऊन वर जाई.

दुपारी साहेब खाली आले. हातात आण्णांचा खुलासा होता. सकाळचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं दिसत होतं. ते बोर्डाखाली उभे राहिले आणि त्यांनी वरची ओळ वाचली.

"आण्णा, राजभाषा ठळक असली पाहिजे, एवढं मला वर दाखवावं लागेल. तुमची मराठी उन्हानं पुसट झालीय. ती उद्यापर्यंत ठळक करून घ्या. खालच्याचं काय उत्तर द्यायचं ते मी बघतो."

"आन् अभिलेख कक्ष?" मी विचारलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

"तिथं पत्रा तापतो हो. आण्णांच्या वयाला सोसायचा नाही," म्हणून साहेब गेले. जाताना खुलाशाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, फाइलला लावला नाही.

पेंटर गावाला गेलेला. उद्यापर्यंत माणूस कुठून आणायचा? आण्णांनी कट्ट्यावरच्या डब्याकडे बघितलं. मग चहा पिऊन जायला निघालेल्या त्या गड्याकडे बघितलं.

"पावणं, पेंट तुमचा, बरश तुमचा. चढा वर. फासायला आलतासा न्हवं?"

तो पहिल्यांदा हसला. मी स्टूल धरलं, तो चढला. वरच्या ओळीची मराठी अक्षरं त्याने एक-एक करून काळीभोर केली. काना, मात्रा, वेलांटी. आण्णा खालून ओरडत होते, "'दुखणे'चा दु ऱ्हस्व हाय, शेपूट वाढवू नगंस!" ओळ संपली. मी म्हटलं, उतर आता. तो उतरेना. ब्रश हातात धरून खाली बघत म्हणाला, "आण्णा, त्ये खालचं बी पुसट झालंय की."

खालचं म्हणजे कानडी.

आण्णा वाकडी करंगळी दुसऱ्या हाताने चोळत उभे राहिले.

"पर मला त्ये लिवाय येत न्हाय," तो म्हणाला.

"नवं कोण लिवाय सांगतंय तुला?" आण्णा म्हणाले. "हाय त्येच्यावरनंच फिरीव."

आणि तो गडी, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसा, जीभ दातात धरून ती गोल गोल अक्षरं गिरवायला लागला.